कोरोनाची कसर : एका आशाताईचं प्रकरण

ताप उतरला तरी माणूस उभं राहत नसेल, तर आमच्याकडच्या म्हाताऱ्या म्हणतात, "अंगात कसर राहिलीय." जुलै २०२१ मध्ये एक आशाताई माझ्यासमोर बसून नेमकं हेच सांगत होत्या आणि मी केसपेपरवर 'जनरल वीकनेस' लिहीत होते. पुढच्या दोन महिन्यांत त्यांचं जे झालं त्यात माझाही हात आहे, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवते. मी तालुक्याच्या गावात फिजिशियन म्हणून प्रॅक्टिस करते. ताईंची परवानगी घेतली आहे. नाव, गाव आणि ओळख पटेल असं काही दिलेलं नाही.

ताई तेव्हा अडतीस वर्षांच्या. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडचा डोंगरपट्टा. खाली गावठाण आणि वर चढावर विखुरलेल्या चार वस्त्या, त्यातल्या सगळ्यात वरच्या वस्तीला पोचायला पाऊण तास. नवरा दुधाच्या टेम्पोवर ड्रायव्हर, मुलगी दहावीला, मुलगा सातवीत, शिवाय सासूबाई. दहाएक वर्षं त्या हा चढ चढत होत्या आणि धाप लागल्याची तक्रार कधी केली नव्हती.

शहरातल्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्यातून 'आशा' ही गावातलीच बाई उभी राहिली. साधारण हजार लोकसंख्येमागे एक. ती कर्मचारी नाही, स्वयंसेविका. मासिक मानधनाचा थोडा भाग सोडला तर बाकी सगळं कामागणिक मोबदला. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तिच्या घरी जायचं, बाळाचं वजन करायचं, ताप बघायचा, नाळ बघायची. सहा भेटी झाल्या की २५० रुपये. घर गावठाणात असो की वरच्या वस्तीवर, रक्कम तीच. आजारपणाची रजा नावाचा प्रकारच नाही, कारण रजा द्यायला आधी नोकरी असावी लागते.

कोविडमध्ये या कामावर आणखी काम चढलं. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली तेव्हा ऑक्सिमीटर आणि थर्मल गन घेऊन घरोघर जाणाऱ्यांत ताई होत्या. केंद्राकडून कोविडच्या कामाचे महिन्याला १,००० रुपये मिळत. १८ एप्रिल २०२१ ला राज्यात एका दिवसात ६८,६३१ रुग्ण सापडले. त्याच आठवड्यात ताईंना ताप आला. प्राथमिक आरोग्य केंद्रात रॅपिड अँटिजेन पॉझिटिव्ह. ऑक्सिजन ९५ च्या खाली गेला नाही. घराच्या मागच्या खोलीत चौदा दिवस काढले आणि पंधराव्या दिवशी लसीकरणाच्या रांगेत टोकन वाटायला उभ्या राहिल्या. कागदोपत्री ही सौम्य केस. दवाखान्यात भरतीच झाल्या नाहीत, त्यामुळे डिस्चार्ज कार्ड नाही. या न मिळालेल्या कार्डाने पुढे बराच त्रास दिला.

जुलैत माझ्याकडे आल्या तेव्हाच्या तक्रारी अशा. चढ चढला की छाती धडधडते. आंघोळीला उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. रात्री झोप नाही, सकाळी उठल्यावर अंग ठेचल्यासारखं. रजिस्टर भरताना ओळी सुटतात. ज्या पोरीचं बाळंतपण स्वतः पार पाडायला नेलं तिचं नाव ऐन वेळी आठवत नाही. शेवटी एक वाक्य त्या सहज बोलून गेल्या आणि मी सोडून दिलं : "शेजारच्या गावच्या डॉक्टरकडं सलाईन लावली की दोन दिवस बरं वाटतंय, मग परत तेच."

सलाईनचं नाव काढलं की माझ्या कपाळावर आठी येते. खेड्यातली निम्मी प्रॅक्टिस याच बाटलीवर चालते, पाचशे रुपये आणि रुग्ण खूश. त्या वाक्यात निदान लपलं होतं, पण मी ते आठीखाली दाबून टाकलं.

तपासण्या केल्या. हिमोग्लोबिन ९.८. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या होत्या, तेव्हा ९.८ बघून माझी भुवई वर गेली नाही. थायरॉईड, साखर, ईसीजी, छातीचा एक्स-रे ठीक. ऑक्सिजन ९८. मी लोहाच्या गोळ्या लिहिल्या, बी कॉम्प्लेक्स लिहिलं आणि खाली ठळक अक्षरांत : रोज अर्धा तास चालणे, प्राणायाम.

हा सल्ला मी माझ्या मनचा दिला नव्हता. कोविडमधून बरं झालेल्यांसाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२० मध्ये जे मार्गदर्शन काढलं त्यात योगासनं, प्राणायाम आणि च्यवनप्राशासोबत सकाळ-संध्याकाळ चालणंही होतं. पण तिथे 'सोसेल तितक्याच गतीने' अशी अट जोडलेली होती. ती अट माझ्या चिठ्ठीत उतरली नाही. शिवाय जी बाई दिवसाला सात-आठ किलोमीटर चालून पोट भरते तिला मी चालायला सांगितलं. तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही.

ताई सांगितलेलं तंतोतंत पाळणाऱ्या. वर्षानुवर्षं दुसऱ्यांना गोळ्या वेळेवर घ्यायला लावणारी बाई स्वतः कशी चुकवेल? पहाटे अर्धा तास डांबरी रस्त्यावर, मग स्वयंपाक, मग वस्त्या. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात नवऱ्याने त्यांना दुधाच्या टेम्पोतून आणलं. पुढच्या सीटवरून उतरून माझ्या दारापर्यंत यायला त्यांनी दोनदा भिंत धरली.

मधल्या काळात त्या फक्त माझ्याकडेच येत होत्या असं नाही. मोठ्या शहरातल्या एका रुग्णालयात पोस्ट-कोविड ओपीडी आहे असं कुणीतरी सांगितलं. तिथे पहिला प्रश्न, "डिस्चार्ज कार्ड कुठाय?" नाही म्हटल्यावर छातीच्या विभागात पाठवलं. छातीच्या डॉक्टरांनी सिटी स्कॅन काढला, स्वच्छ निघाला, त्यांनी हृदयाच्या डॉक्टरांकडे धाडलं. टू-डी इको नॉर्मल. तिथून मानसोपचार. त्या डॉक्टरांनी मात्र नीट ऐकून घेतलं, झोपेची गोळी दिली आणि लिहिलं की नैराश्य आहे, पण ते आजारपणामुळे आलेलं दिसतं. सगळ्या फाइलीत शहाणपणाचं वाक्य हेच, आणि ते कुणी वाचलं नव्हतं. मीसुद्धा ते उशिराच वाचलं. चार फेऱ्या, गाडीभाडं, स्कॅन, इको, औषधं मिळून चौदा हजार गेले. महात्मा फुले जनआरोग्य योजना भरती होणाऱ्यांसाठी, ओपीडीचा खर्च तिच्यात बसत नाही. दुसऱ्यांदा त्या ओपीडीत गेल्या तेव्हा दारावर पाटी होती, आत लसीकरणाच्या खोक्यांचा ढीग.

"मॅडम, रिपोर्ट समदे नॉर्मल हाईत म्हणत्यात," ताई म्हणाल्या, "मग मीच का अशी?" दारात उभ्या सासूबाई पुटपुटल्या, "सवय लागलीया बसायची." ताईंनी मान वळवली नाही. हे वाक्य त्यांनी आधी बऱ्याचदा ऐकलेलं असणार.

त्या दिवशी माझं डोकं चालायला लागलं ते एका रजिस्टरमुळे. कामाची पिशवी ताईंच्या खांद्यावरच होती, आशाची पिशवी तिच्यापासून सहसा सुटत नाही. त्रास नेमका कधी वाढतो असं विचारलं, तर त्यांना सांगता येईना. तारखा एकात एक मिसळत होत्या. मग त्यांनी बाळंतिणींच्या भेटींचं रजिस्टर काढलं, पानं उलटत म्हणाल्या, "ह्या हप्त्यात लई झालं बघा." मी रजिस्टर माझ्याकडे ओढलं.

तीन ऑगस्ट, मंगळवार : वरची वस्ती, सातव्या दिवसाची भेट. अक्षर टपोरं, सरळ. बुधवारी गावठाणातली दोन घरं, अक्षर ठीक. गुरुवारची नोंद अर्धवट, बाळाच्या वजनाचा रकाना रिकामा, ओळ कागदावरून खाली उतरलेली. शुक्रवारचं पान कोरं. पुढच्या आठवड्यातही वरची वस्ती, मधला दिवस बरा, तिसऱ्या दिवशी अक्षर कोसळलेलं. मी तीन महिने मागे गेले. दर खेपेला चढ चढल्यानंतर एक दिवस सोडून दणका. चढलं त्या दिवशी काहीच होत नव्हतं, म्हणून चढाचा आणि दणक्याचा संबंध त्यांच्याही लक्षात आला नाही आणि कुठल्याही डॉक्टरच्याही. प्रत्येकाने विचारलं होतं, "चालल्यावर त्रास होतो का?" आणि त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं होतं, "त्या दिवशी न्हाई होत."

श्रमानंतर काही तासांनी किंवा दोन दिवसांनी येणारी ही घसरण लाँग कोविडमधली, म्हणजे कोरोना उतरल्यावरही महिनोन्महिने रेंगाळणाऱ्या आजारातली, एक मोठी खूण आहे. इंग्रजी नाव पोस्ट-एक्झर्शनल मलेज. आम्ही दवाखान्यात त्याला दणकाच म्हणतो. जुन्या दीर्घकालीन थकव्याच्या आजारात, म्हणजे एमई/सीएफएसमध्ये, डॉक्टरांना तो आधीपासून माहीत होता. दर आठवड्याला थोडा थोडा व्यायाम वाढवत न्यायची पद्धत त्या रुग्णांसाठी वापरू नका, असं ब्रिटनच्या नाइस या संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये स्पष्ट लिहिलं. आणि मी जुलैत लिहून दिलं होतं, रोज अर्धा तास.

मग सलाईन आठवलं. बाटलीने दोन दिवस बरं का वाटावं? शिरांत पाणी गेलं की उभं राहिल्यावर पायांत साचणारं रक्त थोडं भरून निघतं, म्हणून. ही तपासणी करायला मशीन लागत नाही. टेबलावर दहा मिनिटं आडवं झोपवलं : नाडी ७८, रक्तदाब ११८/७६. मग भिंतीला पाठ टेकवून, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे, बोलायचं नाही, हलायचं नाही. माझी सिस्टर दर मिनिटाला आकडा लिहीत होती. तिसऱ्या मिनिटाला ११२. पाचव्याला ११६. पायांचे तळवे जांभळट दिसायला लागले. आठव्या मिनिटाला १२४ आणि ताईंचे ओठ पांढरे. थांबवलं. रक्तदाब जवळपास तिथेच. उभं राहिल्यावर दहा मिनिटांत नाडी तीस किंवा त्याहून जास्त वाढते आणि रक्तदाब पडत नाही, त्याला पॉट्स म्हणतात. मोठ्या माणसात ही खूण आणि सोबत तीन महिन्यांची लक्षणं असली की निदान पक्कं. रक्तक्षयानेही नाडी वाढते, म्हणून तो मनात ठेवला, पण ९.८ हिमोग्लोबिनने उभ्या उभ्या इतकी उडी बसत नाही.

आकडे लिहिलेला कागद मी मुद्दाम सासूबाईंच्या हातात दिला. त्यांना वाचता येत नाही. पण ऑक्सिमीटरच्या पडद्यावरचे ७८ चे १२४ झालेले त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. "नुसतं हुबं राहून?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. सासूबाई सुनेला धरून टेम्पोपर्यंत घेऊन गेल्या. गावात डॉक्टरच्या शब्दापेक्षा मशीनच्या आकड्यावर लोकांचा जास्त विश्वास बसतो. एरवी मला याचा राग येतो. त्या दिवशी उपयोग झाला.

उपचार सांगायला फार काही नाही आणि हेच या आजाराचं दुखणं आहे. लाँग कोविड बरा करणारं खात्रीचं औषध आज तरी कुणाकडे नाही. शरीरात विषाणूचे अवशेष उरतात, नाडी-रक्तदाब आपोआप सांभाळणारी स्वायत्त चेतासंस्था बिघडते, प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते, रक्तात बारीक गुठळ्या होतात, अशी अनेक कारणं तपासली जात आहेत आणि एकाच रुग्णात एकाहून जास्त असू शकतात. ताईंना मी दिवसाला तीन लिटरच्या आसपास पाणी सांगितलं, रक्तदाब वाढलेला नसल्याने मीठ वाढवायला सांगितलं, मांडीपर्यंतचे घट्ट मोजे दिले. दमा नाही याची खात्री करून नाडीचा वेग आवरणारं प्रोप्रॅनोलॉल अगदी कमी मात्रेत. पाळीत रक्तस्राव जास्त होत होता, तो आवरायला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, कारण नुसत्या लोहाच्या गोळ्या खालून गळणाऱ्या हंड्यात पाणी ओतण्यासारख्या. पहाटेचं चालणं बंद.

खरं औषध म्हणजे ताकद मोजून खर्च करणं. हे समजावताना मी बँकेतल्या पैशांचं उदाहरण द्यायला लागले, ताईंनी मध्येच थांबवलं. "म्हंजी टँकरच्या पाण्यागत. दिसाला आठ हंडं मिळत्यात. सकाळी धुण्यातच सहा घातलं की रातच्याला प्यायला न्हाई." उन्हाळ्यात त्यांच्या गावाला टँकर येतो. तेव्हापासून आमच्यात हिशेब हंड्यांचाच. केस धुणं एक हंडा. उभ्याने भाकऱ्या दोन, बसून एक. मीटिंग दोन. वरची वस्ती नऊ, म्हणजे उधारीवर.

घरच्यांनी कामाची वाटणी केली. भाकऱ्या बसून थापायच्या म्हणून गॅस जमिनीवर उतरवला. भांडी मुलाकडे. धुणं नवरा करायला लागला, पण ते वाळत घालायचा रात्री नऊनंतर, अंधारात, कुणी बघू नये म्हणून. हे मला ताईंनी हसत सांगितलं. सहा महिन्यांनी तो उजेडात धुणं वाळत घालायला लागला. या सगळ्या प्रकरणातली ही सुधारणा कुठल्याही तक्त्यात बसत नाही.

सगळ्यात अवघड होतं ते काम. मी वैद्यकीय प्रमाणपत्र लिहिलं, पण ते द्यायचं कुणाला? रजेचा अर्जच नाही तर प्रमाणपत्र कशाला जोडायचं? नवऱ्याने कुठून तरी ऐकलं की अपंगाचा दाखला मिळतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ताईंचा आजार शोधायला गेलं तर सापडत नाही. अमेरिकेत जुलै २०२१ मध्येच सरकारने सांगितलं होतं की लाँग कोविडने रोजचं जगणं अडत असेल तर तो अपंगत्व कायद्याखाली येऊ शकतो. आपल्याकडे तसा काही आधार नव्हता. मग कोविडयोद्ध्यांच्या विम्याचा विषय निघाला. प्रधानमंत्री गरीब कल्याण पॅकेजमध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांना ५० लाखांचं संरक्षण होतं, आशाही त्यात होत्या. पण ते मृत्यूसाठी. मी हे सांगितल्यावर ताई थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "म्हंजी मेले असते तर पन्नास लाख, आन् जगले तर लोहाच्या गोळ्या व्हय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन लावला. तरुण मुलगा, बॉण्डवर आलेला, स्वतःच अर्धमेला. तरी म्हणाला, "मॅडम, ऑर्डर काढायचा मला अधिकार नाही, पण गटप्रवर्तक ताईंना बोलावतो." त्या बैठकीला मी गेले. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मध्ये चहा, शेजारच्या गावची आशा, आशांच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या गटप्रवर्तक, उपकेंद्राची समुदाय आरोग्य अधिकारी. पहिली अडचण पैशांची. वरच्या वस्तीवर जी चढेल मोबदला तिच्या नावावर पडणार, मग ताईंचं घर कसं चालायचं? दुसरी, कुणी कुणाचं काम करायचं हे वरून लेखी येत नाही, त्यामुळे उद्या बाळाला काही झालं तर जबाबदार कोण? तासभर यावरच गेला.

तोडगा शेजारच्या आशेनेच काढला. तिला चालायचा कंटाळा नव्हता, कंटाळा होता तो फॉर्म आणि अॅपचा. तिशीवरच्या माणसांच्या बीपी-शुगरच्या तपासणीचे कागद, मोबाइलमधली नोंद, महिनाअखेरचे क्लेम. अदलाबदल ठरली. वरच्या दोन वस्त्या ती बघणार, तिची लिखापढी ताई करणार, मोबदल्याचा हिशेब दोघी आपसांत फेडणार. वैद्यकीय अधिकाऱ्याला माहिती असेल, पण कागदावर काही नाही. लसीकरणाच्या दिवशी ताईंना व्हरांड्यात खुर्ची, टोकन बसून वाटायचे. आधी त्या चार तास उभ्या असायच्या, कारण खुर्ची एकच होती आणि ती नेहमी सिस्टरला मिळायची. दुसरी खुर्ची अंगणवाडीतून आली. तिला खर्च शून्य. माझ्या मते प्रोप्रॅनोलॉलपेक्षा या खुर्चीने जास्त काम केलं, आणि कुठल्याही मार्गदर्शक सूचनेत ती लिहून द्यायची सोय नाही.

या अदलाबदलीतही खोट होती. लिखापढी डोक्याचं काम आणि ताईंचं डोकं दुपारनंतर चालत नव्हतं. पहिल्या महिन्यात चुका झाल्या, एका घराचे बीपीचे आकडे दुसऱ्या घरात गेले. मग लिहायचं ते सकाळी नऊ ते साडेदहा, नंतर बंद, असं ठरवलं. समुदाय आरोग्य अधिकारी दर पंधरवड्याला उपकेंद्रात आडवी आणि उभी नाडी घेऊन मला फोनवर कळवायची. ताईंची शहराची फेरी वाचली, म्हणजे अख्ख्या दिवसाचे हंडे वाचले. दोनदा ई-संजीवनीवरून तिच्याच लॅपटॉपसमोर बसून तज्ज्ञांचा सल्लाही घेतला.

तेव्हा मी इंग्लंडमधल्या व्यवस्थेबद्दल वाचत होते. ऑक्टोबर २०२० मध्ये तिथल्या सरकारी आरोग्य सेवेने, म्हणजे एनएचएसने, लाँग कोविडच्या खास केंद्रांसाठी १ कोटी पौंड जाहीर केले, पुढे केंद्रांची संख्या नव्वदच्या आसपास गेली. डिसेंबर २०२० ला मार्गदर्शक सूचनाही आल्या. आपला फॅमिली डॉक्टर चिठ्ठी देणार आणि एका दारातून आत गेलं की डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, रोजची कामं कशी करायची हे शिकवणारा ऑक्युपेशनल थेरपिस्ट, मानसोपचार, सगळे एकमेकांशी बोलून ठरवणार. ताईंच्या चौदा हजारांच्या फेऱ्या आठवून मला हेवा वाटला. पण तिथेही सगळं गोड नव्हतं. पहिल्या तपासणीसाठी अनेकांना महिनोन्महिने थांबावं लागलं. मार्च २०२३ मध्ये तिथल्या सांख्यिकी कार्यालयाच्या अंदाजानुसार ब्रिटनमध्ये १९ लाख लोक स्वतःला लाँग कोविड असल्याचं सांगत होते, आणि तेवढ्यांना पुरतील इतकी दारं नव्हती. नंतर केंद्रांचं भवितव्य स्थानिक मंडळांवर सोपवलं गेलं आणि काही ठिकाणी ती बंद झाली किंवा इतर विभागांत मिसळली.

आपल्या आरोग्य मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये कोविडोत्तर त्रासांवर सविस्तर सूचना काढल्या. हृदय, फुप्फुस, पोट, मूत्रपिंड, मेंदू, एकेक अवयव घेऊन. तज्ज्ञाला त्या उपयोगी आहेत. पण ताईंचा एकही अवयव वेगळा काढून बिघडलेला दाखवता येत नव्हता. प्रत्येक विभागाने आपापला अवयव तपासला, ठीक आहे म्हणून शिक्का मारला आणि पुढच्या दारात ढकललं. एकाने सगळे कागद मांडीवर घेऊन बसायला हवं होतं. आमच्या प्रकरणात ते काम पुढे त्या समुदाय आरोग्य अधिकारी मुलीने केलं. वय सव्वीस, पगार बेताचा.

'लाँग कोविड' हे नावही डॉक्टरांनी दिलेलं नाही. मे २०२० मध्ये एलिसा पेरेगो या इटालियन पुरातत्त्व अभ्यासक बाईंनी स्वतःच्या आजाराबद्दल लिहिताना ते वापरलं आणि रुग्णांनी उचललं. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आली ६ ऑक्टोबर २०२१ ला : संसर्गानंतर साधारण तीन महिन्यांनी असलेली, किमान दोन महिने टिकलेली आणि दुसऱ्या निदानाने न उलगडणारी लक्षणं. त्या व्याख्येत डिस्चार्ज कार्डाचा उल्लेख नाही. नंतर एका कार्यशाळेत मी हे वाचून दाखवलं, तेव्हा मागच्या रांगेतले एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "म्हणजे कुणीही येऊन थकलोय म्हणेल." म्हणेलच. मधुमेहाचा रुग्णही आधी थकलोय असंच म्हणतो.

प्रगती सरळ रेषेत झाली नाही. डिसेंबरपर्यंत दणके महिन्यातून एकावर आले होते. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनची लाट आली, ताईंना दोन दिवस कणकण आणि मग तीन महिने मागे. त्या काळात त्यांनी पहिल्यांदा "जगून काय करायचं" असं म्हटलं. मी तेच जुनं मानसोपचारतज्ज्ञांचं पान काढलं, त्यांना स्वतः फोन केला, औषध बदललं, मुलीला विश्वासात घेतलं. आजार मनाचा नाही हे सिद्ध करण्याच्या भरात मनाचंही दुखतंय हे आम्ही विसरलो होतो. मुलीच्या दहावीचं वर्ष आईच्या आजारपणात गेलं. गुण कमी पडले, तिला हवी ती शाखा मिळाली नाही. याची भरपाई कुठून मागायची, मला कळलेलं नाही.

२०२३ च्या पावसाळ्यापर्यंत हिमोग्लोबिन १२ वर आलं. उभं राहिल्यावर नाडी आता वीस-बावीसने वाढते. प्रोप्रॅनोलॉल बंद केलं, मोजे उन्हाळ्यात नकोत म्हणतात. पहिल्या दोन वस्त्यांवर ताई स्वतः जातात, मध्ये एका चिंचेखाली दहा मिनिटं बसून. वरच्या वस्तीला जात नाहीत. २०२४ मध्ये राज्याने आशांचं मानधन महिन्याला ५,००० रुपयांनी वाढवलं, त्या वाढीवर त्यांचं घर थोडं सावरलं. चढ चढला नाही तरी हाती काहीतरी पडतं, असं त्यांनी सांगितलं. आजारपणाच्या रजेचं विचाराल तर ती अजून नाही.

एक गोष्ट मी सुचवलेली नव्हती. आपल्या नेहमीच्या घरभेटीत ताईंनी स्वतःच एक प्रश्न घुसवला : "कोरोनानंतर पयल्यासारखं झालं का?" पाच जण निघाले. त्यांना घेऊन त्या उपकेंद्रात आल्या, तिथून दोन-दोन करून माझ्याकडे. एकाची थुंकी तपासली तर क्षयरोग निघाला. एका बाईचं थायरॉईड. एका आजोबांची साखर तीनशेच्या घरात, दुसऱ्या लाटेत स्टेरॉईड घेतल्यापासून कुणी बघितलीच नव्हती. म्हणजे दर थकव्याला लाँग कोविड म्हणून मोकळं होता येत नाही, आधी झाडून शोधावं लागतं. उरलेल्या दोघांत एक ऊसतोडीला जाणारा बावीस वर्षांचा पोरगा. त्याला मी रोजची नोंद ठेवायला सांगणार, एवढ्यात त्याने शर्टाच्या आतून शाळेची वही काढली. मधोमध उभी रेघ मारलेली, डावीकडे काम, उजवीकडे अंग. वरच्या कोपऱ्यात ताईंच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं : दोन दिवस पुढं बघायचं.